घराची दुसरी चावी कुणाकडे राहणार?

प्रश्न : ताई नमस्कार, मी डोंबिवलीला राहते, वय ३६. दोन वर्षांपूर्वी परस्पर संमतीने घटस्फोट झाला, मुलं माझ्याकडेच आहेत. मुलगी चौथीत आहे, इंग्लिश मीडियम पण स्टेट बोर्ड, आणि मुलगा सिनियर केजीला. मला नाशिकला अंबड एमआयडीसीत अकाउंट्सची नोकरी मिळतेय, हातात ३४ हजार येतील. मुलांच्या वडिलांकडून महिन्याला ८ हजार ठरलेत पण ते कधी येतात कधी नाही. माझी मावशी पंचवटीत राहते, ती म्हणते माझ्याजवळच घर घे. ऑफिसमधल्या एक मॅडम म्हणतात इंदिरानगर घे, एरिया चांगला आहे. एजंट पाथर्डी फाट्याच्या बराच पुढे नव्या बिल्डिंगमध्ये टू बीएचके स्वस्तात दाखवतोय. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या शाळांची नावं ऐकलीत पण तिथलं भाडं झेपणार नाही. आम्ही खुल्या प्रवर्गात आहोत, त्यामुळे कुठली सवलत मिळेल असं वाटत नाही. कुठं घर घेऊ? आणि घरमालक फोनवरच विचारतात मिस्टर काय करतात, तेव्हा काय सांगायचं तेही सांगा. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुला अगं-तुगं करतेय, माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही तू लहान आहेस. पत्र दोनदा वाचलं. पाच एरियांची नावं आहेत, पगार आहे, भाडं आहे, पण संध्याकाळी पोरं शाळेतून आली की दार कोण उघडणार ते कुठंच नाहीये. तुझं ऑफिस साडेपाच-सहाला सुटणार, महिनाअखेरीला अकाउंट्सवाल्यांना सात पण वाजतात, आणि शाळा त्याच्या कितीतरी आधी सुटते. दोघं पालक असलेल्या घरात हे कसंतरी जमून जातं, आज तू जा उद्या मी जातो असं करून. आपल्याकडे 'तू' नसतो. म्हणून घर कुठं घेऊ याच्या आधी घराची दुसरी चावी कुणाकडे राहणार ते ठरव, म्हणजे अर्धा नकाशा आपोआप गळून पडेल.

मी हे शहाणपण पुस्तकातून नाही सांगत. माझे मिस्टर गेले तेव्हा मुलगा दुसरीत होता, नोकरी नाशिकरोडला, आणि मी हट्टाने त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका नावाजलेल्या शाळेत घातलं, का तर सगळे म्हणायचे तिथं मुलं घडतात. एका पावसाळ्यात व्हॅन आलीच नाही, मोबाइल तेव्हा एवढे नव्हते, मी द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमधून पोचले तेव्हा सात वाजून गेले होते आणि पोरगं वॉचमनच्या स्टुलावर बसून त्याच्या डब्यातली भाकरी खात होतं. रडत नव्हतं, तेच मला जास्त लागलं. पुढच्या जूनला घरापासून पायी सात मिनिटांवरच्या साध्या अनुदानित शाळेत टाकलं आणि तिथून तो दहावी झाला, व्यवस्थित झाला.

आता तुझ्या यादीकडे येऊ.

मावशी. माया आहे, मान्य. पण पंचवटी ते अंबड म्हणजे अख्खं नाशिक ओलांडायचं, दहाएक किलोमीटर, मध्ये द्वारका नाहीतर मुंबई नाका, फ्लायओव्हरने गेलीस तरी चढायला उतरायला वेळ जातोच. पोराला ताप आला आणि शाळेतून फोन आला तर तू अंबडहून निघून कधी पोचणार? मावशी आहे ना म्हणशील, पण मावशीचं वय किती, गुडघे कसे आहेत, रोजचं दोन मुलांचं जेवणखाण आणि अभ्यास तिला झेपणार का, हे तिला समोर बसवून विचार. माया वेगळी आणि रोजची ड्युटी वेगळी. शिवाय २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा येतोय. पर्वणीच्या दिवसांत पंचवटी आणि तपोवनाकडचे रस्ते बंद होतात, २०१५ ला आम्ही मैलोन्‌मैल चाललोय, गाडी घराबाहेर काढायची सोय नव्हती. त्या भागात घर घेणाऱ्या प्रत्येकीला मी एवढंच सांगते की तुझा भाडेकरार सिंहस्थाच्या तोंडावर संपत नाही ना ते बघ, कारण तेव्हा भाडं वाढवून मागायला मालकाला चांगलं निमित्त मिळतं. मावशीला मी यातून काढत नाहीये हं. जून-जुलैचे पहिले दोन महिने तिलाच तुझ्याकडे राहायला बोलव, मुलांना नवी शाळा अंगवळणी पडेपर्यंत.

पाथर्डी फाट्याच्या पुढचा स्वस्त टू बीएचके. बाई गं, हा मोह सगळ्यांना होतो. फोटोत मस्त दिसतं, मॉड्युलर किचन वगैरे. दुपारी नको, संध्याकाळी साडेसातला जाऊन बघ. रस्त्यावर दिवे आहेत का, रिक्षा मिळते का, किती खिडक्यांत उजेड आहे. पाणी महापालिकेचं येतं का टँकर मागवतात, आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत का वर वेगळे, हे एजंटला नको, खालच्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला विचार. शहराच्या कडेच्या मळ्यांत बिबट्या दिसतो हे नाशिककरांना नवीन नाही, आम्ही त्यावर जोक करतो, पण सहा वर्षांचं पोरगं संध्याकाळी खाली खेळणार असेल तर जोक राहत नाही. आणि हिशोब मांड ना, समज भाड्यात अडीच हजार वाचले, ते दोन मुलांच्या व्हॅनमध्ये आणि तुझ्या पेट्रोलमध्ये जातात, वर रोजचा तास-दीड तास जातो तो वेगळाच.

इंदिरानगर चांगलंच आहे, मॅडमचं खोटं नाही. शांत कॉलनी, जॉगिंग ट्रॅक, बायका-मुली रात्री साडेनऊलाही बिनधास्त फिरतात. पण तुझी कंपनी हायवेच्या पलीकडे. मध्ये हायवेखालचा बोगदा. इथल्या माणसाला नुसतं बोगदा म्हटलं की कळतं, सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला तिथं काय चालतं ते. माझा साधा नियम आहे : घर, शाळा आणि ऑफिस तिन्ही हायवेच्या एकाच बाजूला बसव. तिन्ही जमत नसतील तर घर आणि शाळा एका बाजूला, आणि बोगदा तू एकटीने पार कर, पोरांना रोज त्यातून नेऊ नको.

एकाच बाजूचं म्हटलं की मग सिडको. नाक मुरडू नकोस, मुंबईकडच्यांना सिडको म्हटलं की नवी मुंबई आठवते, आमचं सिडको म्हणजे नवीन नाशिक. अंबड-सातपूरच्या कामगारांसाठी सिडकोने सहा स्कीममध्ये बांधलेली छोटी घरं, आता बहुतेकांनी वर मजले चढवलेत. गल्ल्या अरुंद, पार्किंगवरून भांडणं, कुणाच्या तरी घरी कायम बांधकाम चालू, हे सगळं आहे. पण खाली मालक आणि वर भाडेकरू अशी घरं इथं भरपूर, आणि एकट्या बाईला त्याचा जो उपयोग होतो तो कुठल्याच सिक्युरिटी केबिनचा होत नाही. खालच्या काकू तुझ्या पोराला ओरडतील पण आणि धिरडं पण देतील. त्रिमूर्ती चौक, पवननगर, उत्तमनगर, कामटवाडे, हा पट्टा पायी फिर. पवननगरला भाजी बाजार आहे, अंबड जवळ, सिटीलिंकची बस आहे, आणि मराठी, सेमी, इंग्लिश सगळ्या मीडियमच्या शाळा चालत जाण्याच्या अंतरात आहेत. नऊ हजाराच्या वर भाडं जाऊ देऊ नको. आणि ते आठ हजार हिशोबात धरूच नको, आले तर मुलांच्या नावाने आरडी कर, नाही आले तर घरभाडं अडायला नको.

आता शाळा. इथं तुझं नशीब चांगलं आहे आणि तुला ते माहीतच नाहीये. तुझी मुलगी पाचवीत जाणार. आपल्याकडच्या जुन्या हायस्कुलांचे वर्ग पाचवीपासून सुरू होतात, म्हणजे पाचवीला नवीन तुकड्या भरतात. हेच तू पुढच्या वर्षी आली असतीस तर सहावीसाठी कुणीतरी दाखला काढून जाईल तेव्हा जागा, असं बसावं लागलं असतं. नाशिकमध्ये मविप्र म्हणजे मराठा विद्या प्रसारक ही १९१४ पासूनची संस्था, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची, अशा संस्थांच्या अनुदानित शाळा आहेत जिथं फी म्हणजे इंग्लिश मीडियमच्या मानाने काहीच नाही, आणि शिक्षक बऱ्यापैकी टिकून असतात. मला विचारशील तर चांगली शाळा ओळखायची माझी खूण तीच, बाईंना विचारायचं तुम्ही इथं किती वर्षं आहात. दर दिवाळीला शिक्षक बदलणाऱ्या शाळेत स्विमिंग पूल असला तरी काय करायचंय.

मुलगी इंग्लिश मीडियमची, तिला सेमीत टाकू का अशी धाकधूक असेल. सेमीत गणित-विज्ञान इंग्लिशमधूनच असतं, पुस्तकं बालभारतीचीच, तिथं तिला काही जड जाणार नाही. जड जाईल ते इतिहास-भूगोल, पहिले तीन-चार महिने. रोज एक पान मोठ्याने वाचून घे, दिवाळीपर्यंत रुळते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव, पाचवीला आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते, नापास झालं तर पुन्हा परीक्षा आणि तरी नाही जमलं तर त्याच वर्गात, पूर्वीसारखं सरसकट वर ढकलत नाहीत. म्हणून मीडियम बदलायचंच असेल तर मे महिना वाया घालवू नको. आणि ती नाहीच म्हणाली, रडली, तर स्टेट बोर्डाची इंग्लिश मीडियम बघ, इतक्या बदलांत तिची भाषा तरी तिच्याजवळ राहू दे.

मुलगा पहिलीत. ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण हवेत, ते बघ. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळांतल्या राखीव २५ टक्के जागांचं म्हणशील तर दुर्बल घटकाला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख आहे, तू खुल्या प्रवर्गात आणि तुझा पगार त्याच्या वर, त्यामुळे ते दार तुझ्यासाठी बंद. मुलीचं तर असंही नसतं, ते प्रवेश सुरुवातीच्या वर्गालाच होतात. पण हे वाचणाऱ्या ज्या कुणी त्यात बसतात त्यांनी ऐका, भाड्याच्या घराचा करार नोंदणीकृत लागतो आणि तो अर्ज भरायच्या आधीचा लागतो, नोटरीचा कागद चालत नाही, दरवर्षी कितीतरी आया यात अडकतात.

आता खरी मेख. आमच्याकडे पुष्कळ शाळा दोन सत्रांत भरतात. हायस्कूल सकाळी सातला आणि प्राथमिक दुपारी. म्हणजे एक पोर साडेबाराला घरी येणार आणि दुसरं त्याच वेळी निघणार! शाळा पसंत करायच्या आधी दोन्ही वर्गांच्या वेळा कागदावर लिहून घे, पाचवी कुठल्या सत्रात, पहिली कुठल्या सत्रात. शक्यतो एकाच आवारात, एकाच सत्रात, म्हणजे ताई भावाचा हात धरून आणेल. नाहीच जमलं तर दुपारच्या पाळणाघरवाल्या काकू शोध, आणि हे घर शोधायच्या आधी. हो, आधी. शाळेच्या गेटवर सुटायच्या वेळी उभी राहा, न्यायला आलेल्या आयांना विचार, तुमची मुलं दुपारी कुठं राहतात. दोन दिवसांत तीन नावं मिळतील. त्यातली जी तुला आवडेल तिच्या गल्लीत घर बघ. मग चावी तिच्याकडे.

प्रवेशाच्या वेळी कुणी विचारलं वडील का नाही आले, तर शांतपणे सांग, मुलांचा ताबा माझ्याकडे आहे, आणि कोर्टाच्या हुकमाची झेरॉक्स पुढे कर. आरटीई कायद्यात प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची मुलाखत घेऊन गाळणी लावता येत नाही आणि देणगीही मागता येत नाही. भांडायला जाऊ नको, पण माहीत असलेलं बरं, माहीत असलं की आवाज कापत नाही.

हुकमावरून आठवलं, हे सगळ्यात आधी करायचंय. त्यात मुलांना भेटण्याबद्दल काय लिहिलंय ते वकिलाकडून वाचून घे. दर रविवारी डोंबिवलीत भेट असं काही असेल तर गाव बदलताना त्यांच्याकडून लेखी संमती घे, नाही दिली तर ज्या कोर्टाने हुकूम दिला तिथंच अर्ज करून बदल करून घे. नुसतं फोनवर हो म्हणाले यावर जाऊ नको, आज हो म्हणणारा माणूस उद्या वेगळं बोलतो. भेटी बंद करायला नाही सांगत मी. पंचवटी एक्सप्रेस कल्याणला थांबते, महिन्यातून दोनदा ठरवता येईल.

मिस्टर काय करतात. याचं उत्तर लांबलचक दिलंस की समोरच्याला अजून प्रश्न सुचतात. 'मी आणि माझी दोन मुलं राहणार, मी अमुक कंपनीत आहे, ऑफर लेटर दाखवते', बस. खोटं सांगू नको, मिस्टर दुबईला असतात वगैरे, एकीने सांगितलं होतं, मग दर गणपतीला सोसायटीवाले विचारायचे साहेब कधी येणार, शेवटी बिचारीला घरच बदलावं लागलं. जो मालक घटस्फोट ऐकून तोंड वाकडं करतो त्याचं घर आपल्याला नकोच होतं. करार मात्र लेखी आणि नोंदणीकृतच कर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. घरबसल्या ऑनलाइन होतं, मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि शहरात नोंदणी फी एक हजार, एवढ्यासाठी काही लोक टाळाटाळ करतात आणि मग डिपॉझिटच्या वेळी रडारड. पोलिसांकडची भाडेकरू नोंदही करून घे. तळमजला घेणार असशील तर जवळून नासर्डी किंवा वाघाडी नदी जाते का बघ, उन्हाळ्यात त्या नाल्यासारख्या दिसतात, ऑगस्टमध्ये नाही.

आणि सवलत काहीच नाही असं नाहीये. बाल संगोपन योजना म्हणून राज्याची योजना आहे, एकच पालक असलेल्या मुलांचा त्यात विचार होतो, मुलामागे महिन्याला २२५० रुपये. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन अर्ज कर, मामला पुढे बाल कल्याण समितीसमोर जातो. फेऱ्या माराव्या लागतात, लगेच पैसे येतील या भरवशावर राहू नको, पण अर्ज टाकून ठेव.

प्रश्न : माझं पिंपळगाव बसवंतला गॅरेज आहे. बायको वारली, मुलगी सातवीत आहे. पाहुणे म्हणतात मुलीसाठी नाशिकला शिफ्ट हो, आठवीपासून चांगली शाळा मिळेल. पण एकट्या माणसाला कुणी घर देत नाही. आई माझ्याजवळ असते. काय करावं? — एक वडील

उत्तर : भाऊ, तुम्हाला मी वेगळं सांगणार आहे, जाऊ नका. निदान आत्ता नको. तुमच्या घरात चावी सांभाळणारी आजी आहे, गॅरेज पाच मिनिटांवर, मुलीच्या मैत्रिणी तिथं, आणि आई गेल्यावर मुलीला सगळ्यात जास्त लागतात त्या मैत्रिणीच. तुमच्या तालुक्यातल्या शाळांतून शिकून मुलं इंजिनियर-डॉक्टर झालीच आहेत. नाशिकला आलात तर तुम्ही रोज हायवेवर आणि म्हातारी चौथ्या मजल्यावर अनोळखी बिल्डिंगमध्ये. पाहुण्यांना गणित-इंग्लिशचा क्लास हवाय असं वाटत असेल तर तो पिंपळगावातही मिळतो. अकरावीला नाशिकचा विचार करा, तेव्हा प्रवेश ऑनलाइन असतात, मुलगीही स्वतः बसने ये-जा करण्याएवढी मोठी झालेली असेल. तेव्हा घर घ्यायचंच झालं तर आडगाव, अमृतधामच्या बाजूला बघा, गाव न ओलांडता तुम्हाला हायवेला लागता येईल. आणि घर बघायला आईला आणि मुलीला सोबत न्या, एकटे जाऊ नका, दार उघडणाऱ्या बाईला आजी दिसली की अर्ध्या शंका तिथंच मिटतात.

बाल संगोपनचं वर लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे, फक्त बायांसाठी नाहीये ते. मुलीच्या आईचा मृत्यू दाखला आणि मुलीचा जन्म दाखला यांवरची नावं सारखी आहेत का तेवढं आजच काढून बघा. एकावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं असं नेहमी निघतं, आणि ते नेमकं खिडकीपाशी उभं राहिल्यावर कळतं.